जोरदार प्रवाहात डायव्हिंग करण्यासाठी फिन्स कोणते घ्यावेत?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. येत्या हिवाळ्यात अंदमानला आणि त्यानंतर जमल्यास मालदीवला डायव्हिंगसाठी जाण्याचा विचार आहे. माझ्याकडे ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र आहे. आतापर्यंतचे सारे डायव्हिंग केंद्राने दिलेल्या फिन्सवरच (पोहताना पायात चढवायच्या रुंद पात्यांवरच) झाले आहे. शांत पाण्यात ते चालून जातात, पण पाण्याला ओढ असली की पोटऱ्या भरून येतात, श्वास वाढतो आणि सिलिंडरमधली हवा बरोबरच्यांपेक्षा आधी संपते. म्हणून स्वतःचे फिन्स घ्यावेत असे ठरवले आहे.

माहिती वाचू लागलो तेव्हा गोंधळ अधिकच वाढला. कुणी कडक पात्याचे फिन्स सांगतो, कुणी जड रबराचे, तर कुणी मधोमध चिरलेल्या पात्याचे, म्हणजे स्प्लिट फिन्स. पूर्ण पाय आत जाणारे घ्यावेत की टाच उघडी राहणारे, हेही ठरत नाही. आपल्या भागात फिन्स पायात घालून पाहता येतील असे दुकान मला सापडलेले नाही, त्यामुळे ते ऑनलाइनच मागवावे लागतील आणि निवड चुकली तर परतीचा खटाटोप होईल. वय ४६, उंची मध्यम, उजवा गुडघा कधीमधी दुखतो. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

प्रवाहासाठी कडक, रुंद पाते आणि उघडी टाच, हे माझे स्पष्ट मत आहे. मऊ पाते जोर लावला की दुमडते आणि पाणी मागे ढकलण्याऐवजी नुसते वाकून राहते. मारेस कंपनीचे अवांती क्वात्रो हे फिन्स मी अनेक वर्षे वापरतो. त्यांच्या पात्यावर लांबीच्या दिशेने चार पन्हळी असतात. लाथ मारताना त्या फुगतात, पाणी कडेने निसटून न जाता पन्हळीतून मागे फेकले जाते आणि प्रत्येक लाथेचा उपयोग होतो. दुसरा पर्याय स्कूबाप्रोच्या जड रबरी जेट फिनचा. १९६० च्या दशकात निघालेला हा घाट आजही जवळजवळ तसाच विकला जातो, यातच त्याची योग्यता दिसते.

मांजराकाठ (लातूर)

गुडघा दुखणाऱ्या माणसाला जेट फिन सुचवण्याआधी थोडा विचार व्हावा, एवढीच विनंती.

तेरणा (मूळ धाराशिव, सध्या मालवण)

मी मालवणला डायव्हिंग प्रशिक्षक म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो. फिन्सच्या नावांकडे येण्यापूर्वी पाण्याचे गणित मांडते, कारण ते लक्षात घेतल्याशिवाय केलेली खरेदी बहुतेक वेळा फसते.

पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो सोसून पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पोहण्याचा वेग केवळ २० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर पायांना सुमारे ७३ टक्के अधिक शक्ती द्यावी लागते. वेग दुप्पट करायचा असेल तर आठपट. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. पूर्ण साहित्यासह पोहणाऱ्या सर्वसाधारण डायव्हरला या वेगाच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ तग धरता येत नाही, आणि तेवढ्या कष्टांत तो जेमतेम जागच्या जागी राहतो. उत्तम फिन्स घेतले तरी दोन नॉटच्या प्रवाहावर मात करता येणार नाही. त्यांच्यामुळे अर्ध्या-पाऊण नॉटच्या प्रवाहात आपण दमून न जाता हालचाल करू शकतो, आणि अडचणीच्या वेळी मिनिटभर अधिक जोर लावू शकतो. अपेक्षा तेवढीच ठेवावी.

हवेचे गणितही याच्याशी जोडलेले आहे. १२ लिटरचे सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेले असेल आणि ५० बार राखून ठेवायचे असतील, तर वापरायला १,८०० लिटर हवा मिळते. २० मीटर खोलीवर दाब तीन बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला तिथे ६० लिटर लागेल आणि अर्धा तास मिळेल. तोच माणूस प्रवाहाशी झुंजू लागला आणि श्वसन दुप्पट झाले, तर त्याच्या हातात पंधरा मिनिटे उरतात. शिवाय कष्टाने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, धाप लागते, धापेमुळे श्वास उथळ होतो आणि उथळ श्वासाने तो वायू आणखी साठतो. खोल पाण्यात हे चक्र सुरू झाले तर ते मोडणे कठीण असते. गोदाकाठ, आपली हवा लवकर संपते याचे मूळ बहुधा इथे आहे, आणि त्यात फिन्सइतकाच आपल्या लाथेच्या पद्धतीचा आणि शरीराच्या ठेवणीचा वाटा असू शकतो.

आता कडकपणाविषयी. पाते सायकलच्या गिअरसारखे असते. ज्याच्या मांडीत बळ आहे त्याला कडक पाते लाभते, आणि ज्याच्यात तेवढे नाही त्याला तेच पाते थोड्या वेळात थकवते. खामकाठ यांना क्वात्रो उत्तम वाटते यात नवल नाही, कारण त्यांच्या लिहिण्यावरून ते नियमित पोहणारे दिसतात. वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्याने मध्यम कडकपणाचे, पन्हळींचे, टाच उघडी असलेले फिन्स घ्यावेत, असा माझा सल्ला राहील.

बिंदुसरा (बीड)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डायव्हिंगचा अनुभव बेताचा आहे, पण पायांविषयी लिहू शकतो.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेली मंडळी पुष्कळ आहेत. पाठीला डबा बांधून शिकलेल्या या पोहण्यात दम भरपूर असतो, परंतु पायाची सवय गुडघ्यातून वाकवून खाली दाबण्याची असते. फिन्स घातल्यावर हीच सवय नडते. गुडघा वाकवून मारलेल्या लाथेत पाते पाणी मागे ढकलत नाही, ते पुढेमागे सरकत राहते, आणि सारा ताण पोटरीवर व गुडघ्याच्या वाटीवर येतो. लाथ कमरेच्या सांध्यातून यावी, मांडीचे मोठे स्नायू कामाला लागावेत, गुडघा किंचित सैल असावा आणि घोटा लांबवलेला असावा. गोदाकाठ यांच्या पोटऱ्या भरून येतात यावरून मला आधी लाथेचाच संशय येतो.

बुटाचा भाग सैल असेल तरीही पोटरीत गोळा येतो, कारण फिन निसटू नये म्हणून पायाची बोटे नकळत आवळली जातात. पाण्यात गोळा आलाच तर पाय सरळ करून फिनचे टोक हाताने आपल्याकडे ओढावे आणि स्नायू सुटेपर्यंत धरून ठेवावे. निघण्यापूर्वी किमान दोन महिने पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम, बैठका आणि तलावात फिन्ससह सलग पोहणे, एवढे केले तर मध्यम कडकपणाचे पाते सहज झेपेल. गुडघा दुखण्याचे कारण मात्र अस्थिरोगतज्ज्ञांकडून आधी तपासून घ्यावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

तेरणाताईंचे गणित मान्य आहे, पण निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. प्रवाहात खरी गरज पडते ती शेवटच्या मिनिटभरात. खडकाच्या आडोशाला पोहोचायचे असते, जोडीदार दहा मीटर पुढे गेलेला असतो, किंवा बोटीची दोरी हातातून सुटलेली असते. त्या मिनिटाला जे पाते वाकून जाते ते काय कामाचे? एरवीच्या आरामासाठी त्या मिनिटाचे बळ सोडून द्यावे, हे मला पटत नाही. पायांची ताकद वाढवता येते, पात्याची वाढवता येत नाही.

तेरणा (मूळ धाराशिव, सध्या मालवण)

आपला मुद्दा योग्य आहे, आणि ज्यांचे पाय त्या मिनिटापर्यंत ताजे राहतात त्यांच्यासाठी तो पूर्ण खरा आहे. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेकांचे पाय चाळीस मिनिटांच्या डायव्हमध्ये कडक पात्याने आधीच थकलेले असतात, आणि जोर लावायची वेळ येते तेव्हा त्या पात्याला वाकवण्याइतकेही बळ उरलेले नसते. यात आपले मतभेद राहतील असे दिसते.

कुंडलिका (जालना)

स्प्लिट फिन्सविषयी कुणीच चांगले लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे आणि मी स्प्लिट फिन्सच वापरते. पाते मधोमध चिरलेले असल्याने पाण्याचा अवरोध गुडघ्यावर कमी येतो. लहान, जलद लाथा मारत राहिले की सरळ रेषेत चांगला वेग मिळतो. मोठ्या, संथ लाथा मारणाऱ्याला मात्र हे फिन्स निकामी वाटतात, आणि त्यांच्यावरच्या टीकेमागे अनेकदा हेच कारण असते.

त्यांच्या मर्यादाही सांगते. बेडकासारखी बाजूला फाकवून मारायची लाथ त्यांत नीट बसत नाही. मागे सरकण्याची लाथ तर जवळजवळ अशक्यच होते. प्रवाहात प्रवाळाच्या अगदी जवळ असताना अर्धा मीटर मागे येता येणे फार मोलाचे असते, आणि ते मला जमत नाही. म्हणून मी प्रवाळापासून अंतर राखूनच पोहते.

पूर्णा (परभणी)

मालदीवविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नात त्याचा उल्लेख आहे. तिथे प्रवाहाची खरी जागा म्हणजे प्रवाळद्वीपांच्या कड्यांमधील खाड्या. महासागराचे पाणी त्यांतून आत-बाहेर जाते, आणि मोठे मासे पाहण्यासाठी डायव्हर नेमके त्याच तोंडाशी थांबतात. स्थानिक भाषेत या खाड्यांना कंडू म्हणतात. अशा ठिकाणी बोटीवरून उडी मारताच पृष्ठभागावर न रेंगाळता थेट खाली जावे लागते, नाहीतर तळाशी पोहोचेपर्यंत प्रवाह आपल्याला जागेच्या पुढे नेतो. या पहिल्या मिनिटात फिन्सचे काम सर्वांत जास्त असते. खाली गेल्यावर मृत खडकाला आकडा अडकवून, दोरीच्या आधाराने स्थिर राहायचे असते, आणि तेव्हा पाय जवळपास मोकळे असतात. परतताना प्रवाहाबरोबर वाहत जायचे, पृष्ठभागावर खुणेचा फुगा सोडायचा आणि बोटीने येऊन उचलायचे, अशी पद्धत आहे. तिथे मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे, आणि ओपन वॉटरवर १८ मीटरच्या खाली जाता येत नाही, म्हणून जाण्याआधी पुढचा ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम करून घ्यावा.

फिन्सबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. पट्टा रबरी नको, स्टीलच्या स्प्रिंगचा घ्या. रबरी पट्टा उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने चिरत जातो आणि तुटतो तो नेमका चढवताना, म्हणजे उडीच्या अगदी आधी. स्प्रिंगचा पट्टा ओढून टाचेवर सोडला की झाले. हलत्या बोटीवर आणि परत चढताना शिडीशी प्रवाह असताना फिन एका हाताने काढता येणे ही मोठी सोय आहे. आणि शिडीचा दांडा हातात घट्ट येईपर्यंत फिन्स काढू नयेत.

पैठणकर (पैठण)

धागा मन लावून वाचतो आहे. एक शंका. आमच्याकडे नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) बुडालेल्यांना शोधण्यासाठी कोळी बांधव आणि पट्टीचे पोहणारे तरुण धावून जातात. धरणाचे दरवाजे उघडले की खाली गोदावरीला प्रचंड ओढ असते. या तरुणांना चांगले फिन्स मिळवून दिले तर पुरात उपयोग होईल का? गावातून वर्गणी काढण्याची तयारी आहे.

तेरणा (मूळ धाराशिव, सध्या मालवण)

पैठणकर काका, आपली तळमळ कळते, आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते. पुराच्या पाण्यासाठी डायव्हिंगचे फिन्स घेऊ नयेत.

पुरात नदीचा वेग सेकंदाला दोन मीटर असणे काही विशेष नाही. म्हणजे सुमारे चार नॉट. एक नॉटच्या तुलनेत शरीरावर येणारा जोर तिथे सोळापट होतो. कोणतेही पाते तिथे पुरे पडत नाही. शिवाय नदीत झाडांच्या फांद्या, काटेरी तारा आणि मासेमारीची जाळी असतात. लांब पाते त्यांत अडकले की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. धरणाच्या दरवाजाजवळचा धोका तर आणखी वेगळा आहे. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक असतो, त्यामुळे फटीकडे होणारी ओढ वरून जाणवत नाही, आणि जवळ गेलेला माणूस तिथे चिकटून बसतो. जायकवाडीचे २७ दरवाजे आहेत. त्यांच्या परिसरात धरण प्रशासनाच्या परवानगीशिवाय आणि दरवाजे बंद असल्याची खात्री केल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये.

जमलेल्या वर्गणीतून जीवरक्षक जॅकेट, हेल्मेट, फेकण्याच्या दोरीच्या पिशव्या आणि त्या अचूक फेकण्याचे प्रशिक्षण घ्यावे. काठावरून फेकलेल्या दोरीने जे काम होते ते पाण्यात उडी घेऊन होत नाही. वाहून जाणाऱ्यानेही उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून तरंगावे आणि तिरके होत काठाकडे सरकावे, हे शाळांमधून मुलांना शिकवले तर फार उपयोग होईल.

पैठणकर (पैठण)

मनापासून आभार, ताई. हे वर्गणीच्या बैठकीत जसेच्या तसे वाचून दाखवतो.

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांचे आभार. बिंदुसरा सरांनी लिहिलेली लाथ माझीच आहे. मीही विहिरीतच शिकलो. आता दोन शंका. जेट फिन जड असतात आणि पाण्यात बुडतात, हे प्रवाहात चांगले की वाईट? आणि पूर्ण पायाचे फिन्स हलके व स्वस्त असतात, ते का नकोत?

तेरणा (मूळ धाराशिव, सध्या मालवण)

अंदमान आणि मालदीवच्या उबदार पाण्यात आपण ३ मिलिमीटरचा सूट घालू, किंवा त्याहूनही पातळ. असा सूट पायांना फारसा तरंग देत नाही. त्यावर जड रबरी फिन्स घातले की पाय खाली झुकतात, शरीर तिरके होते आणि प्रवाहाला समोरून छातीपासून गुडघ्यापर्यंतचा सारा भाग मिळतो. अवरोध वाढतो आणि फिन्सचा सगळा फायदा त्यातच जातो. थंड पाण्यात हवा भरलेला ड्राय सूट घालणाऱ्यांचे पाय वर उचलले जातात, त्यांना हे वजन उपकारक ठरते. आपल्यासाठी पाण्यात जेमतेम बुडणारे किंवा किंचित तरंगणारे फिन्स बरे. बुडण्यासाठी कमरेला बांधायचे शिसे गरजेपेक्षा जास्त असणे हेही पाय झुकण्याचे एक कारण असते, म्हणून अंदमानला पहिल्याच डायव्हआधी वजन नीट तपासून घ्या. लोंबणारी नळी, हवेचा दाब दाखवणारा मोकळा गेज, कॅमेऱ्याची दोरी, हे सारे अंगाशी बांधून घेतले की तेवढ्याच पायांत अधिक अंतर कापले जाते.

पूर्ण पायाचे फिन्स वाईट नाहीत. बोटीवरूनच उतरायचे असेल आणि माप अचूक असेल तर ते उत्तम चालतात. अडचण अशी की त्यांचे माप ऑनलाइन अंदाजाने घेणे फार जोखमीचे असते, आणि खडकाळ किनाऱ्यावरून चालत जायचे झाले तर तळवे उघडे पडतात.

मांजराकाठ (लातूर)

मुक्तपणे खोल बुडी मारणारे लोक वापरतात ते लांबलचक कार्बन फायबरचे फिन्स प्रवाहात कसे ठरतील? चित्रफितींमध्ये त्यांचा वेग डोळ्यांत भरतो.

पूर्णा (परभणी)

त्यांचा वेग खरा आहे, पण तो सडपातळ सूटमधल्या, पाठीवर सिलिंडर नसलेल्या माणसाचा आहे. सिलिंडर आणि जॅकेटचा अवरोध जोडला की हिशेब बदलतो. अरुंद जागेत वळताना ते प्रवाळावर आपटतात, बोटीच्या गर्दीत कुणाचा पाय पडला तर तडकतात. स्कूबासाठी मी ते सुचवणार नाही.

पैठणकर (पैठण)

आणखी एक विचारू का? प्रवाह कमी असेल असे दिवस आधीच निवडता येत नाहीत का?

तेरणा (मूळ धाराशिव, सध्या मालवण)

काका, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी यायला हवा होता. भरती-ओहोटीने होणारा प्रवाह तिथीनुसार बदलतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी जास्त चढते-उतरते आणि प्रवाह जोरदार असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि प्रवाह तुलनेने मंद राहतो. दोन्हींचा परिणाम तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. आपल्या पैठणची नाथषष्ठी ते काल्याची अष्टमी हा काळ या हिशेबाने भांगाकडे जाणाराच आहे. त्याखेरीज दिवसात भरती आणि ओहोटीच्या संधीला पाणी काही काळ थबकते. चांगले केंद्र डायव्हची वेळ त्यावरून ठरवते.

अंदमानला स्वराज द्वीपाजवळची जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल ही ठिकाणे खोल आहेत आणि तिथे प्रवाह मिळू शकतो. गोदाकाठ यांनी सहलीचे पहिले दिवस उथळ जागांसाठी ठेवावेत आणि या जागा अष्टमीच्या बाजूला येतील असे पाहावे. पाण्याखालीही तळाशी, खडकांच्या मागे प्रवाह कमी असतो. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जाऊन परतताना त्याच्याबरोबर यावे. प्रवाहाने ओढून नेलेच तर त्याच्याशी समोरासमोर न भिडता आडवे पोहून आडोसा गाठावा.

गोदाकाठ (नांदेड)

पंचांग काढून बसलो आहे. फिन्सचे असे ठरवतो आहे: टाच उघडी, मध्यम कडकपणा, पन्हळींचे पाते, स्प्रिंगचा पट्टा. राहिले फक्त माप.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आधी बुटी, म्हणजे उघड्या टाचेच्या फिनमध्ये घालायचे मऊ बूट घ्या, फिन्स नंतर. निओप्रीनच्या बुटीची जाडी ३ की ५ मिलिमीटर यावर फिनचे माप एका अंकाने बदलू शकते, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. बुटी भिजवून, पायात घालूनच फिन चढवून पाहावा. पाय पुढे जाऊन टेकला पाहिजे, बोटे दुमडता कामा नयेत, घोट्यापुढच्या उंचवट्यावर कडा रुतता कामा नये, आणि पाय झटकल्यावर फिन हलता कामा नये.

कडकपणाबाबत माझे मत तेच आहे, पण वादापेक्षा प्रयोग बरा. माझ्याकडे क्वात्रो आहेत, आणि घरात मऊ पात्याचा एक जुना जोडही पडून आहे. कुंडलिकाताई जालन्याहून आपले स्प्लिट फिन्स घेऊन येऊ शकत असतील तर तिन्ही जोड एकाच दिवशी तलावात वापरून पाहता येतील. २५ मीटरच्या तलावात प्रत्येक जोडावर सलग आठ फेऱ्या, दर वेळी नाडीचे ठोके मोजायचे आणि मध्ये पुरेशी विश्रांती घ्यायची. ज्या जोडावर सारख्याच वेळात ठोके कमी वाढतील तो आपला.

कुंडलिका (जालना)

येते. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल. माझे फिन्स मध्यम मापाचे आहेत, गोदाकाठ भाऊंनी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवावी.

गोदाकाठ (नांदेड)

टाचेपासून अंगठ्यापर्यंत २६.५ सेंटिमीटर. शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत संभाजीनगरला पोहोचेन. बिंदुसरा सर, आपण बीडहून येऊ शकलात तर लाथही तपासून घेता येईल.

बिंदुसरा (बीड)

येतो. पाण्याखालून चित्रीकरण करता येईल असा मोबाइलचा डबा कुणाकडे असेल तर घेऊन या, लाथ कमरेतून येते की गुडघ्यातून हे वरून दिसत नाही.